वाघ पडायला तयार नाही

२ मार्च, सोमवार

नाही म्हणाला! तोंडावर. मालकीणबाई बसलेल्या, पंचकाका बसलेले, चहावाली बाई कप उचलतेय – आणि हा म्हणतो, "मी मुसळ डावावर पडणार नाही." झालं. खुर्ची मागे सारली आणि चालता झाला. दाराला हात लावायचेही कष्ट नाहीत, खांद्यानंच ढकललं. केवढा तोरा!

हा आमचा वाघ. पाच वर्षं चॅम्पियन. पट्टा कमरेला बांधून बांधून आता त्याला वाटायला लागलंय की तो पट्ट्यासकटच जन्माला आला. वर माझा मेहुणा – माझ्या धाकट्या बहिणीचा, धाकटीचा नवरा. म्हणजे ऑफिसातही सहन करा आणि घरीही! जावई म्हणून त्याला अहोजाहो करायला हवं खरं तर. पण बावीस वर्षांपूर्वी गोदामात पोती उचलत होता, तिथून मीच त्याला आणला. त्यामुळे आमचं 'अरे'च राहिलं.

मालकीणबाईंनी सांगितलं ते किती साधं! २९ तारखेला हंगामाचा शेवटचा खेळ. वाघानं हरायचं, पट्टा अँब्युलन्सकडे जायचा. अँब्युलन्स म्हणजे आमचा नवा गडी. आठ वर्षं रुग्णवाहिका चालवून मग कुस्तीत आला, म्हणून ड्रेसिंग रूममध्ये हेच नाव पडलं. पोस्टरवर त्याला मी 'वादळ' केलाय.

कोण जिंकणार, कोण पडणार हे बावीस वर्षं मी ठरवतोय. लाल वहीत लिहायचं, दोघांना वाचून दाखवायचं, रविवारी दुपारी चार वाजता दोन हजार माणसं ते बघून घसा फोडणार. बाहेरची शहाणी माणसं डोळा मारून विचारतात, "मास्तर, सगळं खोटंच ना?" निकाल खोटा, बाबांनो. पडणं खरं. फळ्या खऱ्या, त्यावरची गादी बोटभर, आणि वरून येणारा माणूस शंभर किलोचा. पण हे सांगायचं कुणाला? गाढवाला गुळाची चव काय!

३ मार्च, मंगळवार

चॅम्पियन म्हटला की कृतघ्न. मी पाच पाहिलेत.

पहिला हरायच्या दिवशी संडासात कडी लावून बसला. दीड तास! दुसऱ्याची सासू वारली – एकाच हंगामात दोनदा. तिसरा म्हणाला, "मी हरेन, पण तोही हरला असं दाखवा." चौथ्यानं ऐनवेळी खांदा उचलला. पंचकाकांचा हात हवेत, दोन आणि तीनच्या मध्ये. त्याला मी ऑफिसात बोलावलं आणि पट्टा टेबलावर ठेवायला लावला.

टेबलावर पट्टा – यापरती नामुष्की नाही आमच्यात. पट्टा रिंगमध्ये मिळतो, रिंगमध्येच द्यायचा. टेबलावर ठेवला की बोळातल्या भिंतीवरच्या यादीतून नाव खरवडून काढतात. त्याचं काढलं. अजून तिथे पांढरा चट्टा आहे. येता-जाता सगळे बघतात. बघायलाच हवा!

आणि पाचवा हा. यांच्यातला एक तरी स्वतःच्या बळावर जिंकलाय का? मी लिहून दिलं म्हणून जिंकले! पण सहा महिने गेले की प्रत्येकाला वाटायला लागतं, आपण खरोखरच जिंकलो होतो. आयत्या बिळावर नागोबा सगळे.

६ मार्च, शुक्रवार

आज कपड्यांच्या खोलीत गेलो. तिथे धाकटीचं राज्य. दोन मशिनं, एक इस्त्री, भिंतभर झगे. सगळ्या गड्यांचे कपडे तीच शिवते.

मशीनवर वाघाचा नवा झगा होता. कॉलर बघून मी चाटच पडलो. उभी, टणक, थेट कानापर्यंत. आत कसली तरी पट्टी घालून शिवलेली, वाकवली तरी वाकेना. म्हटलं, "हे काय? राज्याभिषेक आहे का?" म्हणाली, "त्याला तशी हवीय." पुढे बघतो तर बटणं गायब, तिथे चिकटपट्टी. महाराजांना बटणं लावायचाही कंटाळा!

म्हटलं, "समजाव तुझ्या नवऱ्याला. त्याच्या पायी माझी खुर्ची जाईल."

ती दोरा दातात धरून बसली होती. तो तोडून म्हणाली, "दादा, त्याला साधं पडू दे ना. पाठीवर. तीन मोजा आणि संपवा. मुसळच कशाला हवं?"

साधं! म्हणजे पाय घसरला, चुकून चीत झाला, खरं तर हरलाच नाही! हेच हवं असतं यांना. पडलो तरी नाक वर. पुढची दहा वर्षं सांगत सुटायला मोकळे – माझा तो दिवसच वाईट होता हो!

मुसळ म्हणजे मुसळ. कल्पना माझी. समोरच्याला उलटा उचलायचा, डोकं खाली पाय वर, मांड्यांत डोकं धरायचं आणि खाडकन बसकण मारायची. उखळात मुसळ आदळावं तसा माणूस आदळतो. पडणाऱ्यानं मान आत घेतली की काही होत नाही. इतक्या वर्षांत दोघांनाच लागलं, आणि ते दोघेही बावळट होते. मुसळावर पडलेल्याला 'चुकून हरलो' म्हणता येत नाही. म्हणून तर ते हवं!

"माझ्यासाठी, दादा," म्हणाली. मी म्हटलं, घरचं घरी. ती परत मशीन चालवायला लागली. उगाच जोरात.

८ मार्च, रविवार

वाघ विरुद्ध रेडा. सात मिनिटं. सात मिनिटांत हा गृहस्थ एकदाही पडला नाही! रेडा बिचारा स्वतःच उड्या मारून इकडून तिकडे कोसळतोय आणि वाघ मध्ये खांबासारखा उभा. बाजूला बघायचं तर मान वळत नाही, अख्खा माणूस वळतो. अंगात राजेपण भिनलं की असं होतं. लोकांनी तरीही टाळ्या पिटल्या. लोकांना काय, खांब उभा केला तरी पिटतील.

रेडा मात्र गुणी. पडायला कधी नाही म्हणाला नाही. त्याच्यासाठी मी केवढं केलं! गेल्या वर्षी त्याची बायको सोडून गेली. तीन दिवस ड्रेसिंग रूममध्ये टॉवेलात तोंड खुपसून रडत होता. माझ्या कानावर आलं, मी लगेच वहीत घेतलं. पुढच्या रविवारी त्याच्या समोरच्या गड्याच्या गळ्यात निळा स्कार्फ बांधून पाठवला, तिचा असायचा तसाच, आणि माइकवर विचारायला लावलं, "ओळखलास का रे हा कुणाचा?" रेड्याला आधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अभिनय केला असता, आणि अभिनय त्याला येत नाही. तो जो रडला आणि जो मारत सुटला – अस्सल! पुढच्या खेळाला दाराबाहेर पाचशे माणसं उभी. त्याचं रडकं पोस्टर मी माझ्या वितीनं मोजून दाराएवढं करून घेतलं. अकरा वीत. मला वितीशिवाय अंदाज येत नाही.

त्यानंतर रेडा माझ्याशी कामापुरतं बोलतो. उपकाराची जाण कुणाला असते?

९ मार्च, सोमवार

पाठ दुखतेय. खुर्चीनं. मी कधी पट्टा बांधला नाही, पण या सगळ्यांना बावीस वर्षं उचलतोय तो मीच.

१२ मार्च, गुरुवार

आता हा दुसरा!

दुपारी सराव बघायला गेलो. अँब्युलन्स वाळूच्या पोत्यावर मुसळ करत होता. देखणं! पोतं फुटायचं राहिलं. मला बघितलं, घाम पुसत आला आणि म्हणतो, "मास्तर, २९ ला मुसळ नको. मला जमत नाही."

अरे, आत्ता काय केलंस मग? गेल्या हंगामात मुसळावर अकरा जण पाडलेस ते कुणी?

"वाघदादांवर नाही जमणार."

"का?"

"जड आहेत."

जड! उलट वाळलाय तो. दंड बघा त्याचा, उजवा तर निम्मा झालाय. व्यायाम सोडला की हेच होणार! कुठेतरी पाणी मुरतंय. वाघानं दम दिलाय याला, दुसरं काय.

शेजारी पंचकाका बुटाची नाडी बांधत होते. पाच मिनिटं एकच नाडी. विचारलं, "तुमचं काय मत?" वर न बघता म्हणाले, "माझं काम तीन मोजायचं, मास्तर." चाळीस वर्षांत हा माणूस तीनच्या पुढचा आकडा शिकला नाही!

१३ मार्च, शुक्रवार

अँब्युलन्सला पुन्हा छेडलं. खाली मान. रेड्याला विचारलं. खाली मान. सगळे मूग गिळून बसलेत. एका माळेचे मणी!

१७ मार्च, मंगळवार

धाकटीनं जेवायला बोलावलं. मला वाटलं, नवऱ्याला वळवलं असेल. कसलं काय!

दरबारच होता. महाराज टेबलाच्या टोकाला, ताठ, पाठीशी दोन उशा. ताटातलं मटण धाकटीनं बारीक तुकडे करून दिलं. पन्नाशीला आलेला माणूस! चहाचा कप हातातून निसटला, फुटला, तर साधं वाकून उचललं नाही. बारा वर्षांची भाची खाली बसून काचा वेचतेय आणि हा छताकडे बघतोय. नंतर तिनंच त्याच्या बुटाच्या नाड्या बांधल्या. वरून एकीनं भरवायचं, खालून एकीनं बांधायचं. पट्टा माणसाला किती आळशी करतो!

भाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "मामा, बाबांचा हात आहे ना, तो झोपेत–"

"तू आत जा," धाकटी ओरडली. पोर गेली. चांगलं केलं. मोठ्यांच्या बोलण्यात लहानांनी तोंड घालू नये.

समोर भिंतीवर यांच्या लग्नाचा फोटो. लग्नसुद्धा मीच लावलं होतं, रिंगमध्ये, तिकीट लावून. ऐन वेळी शत्रुपक्षाचा गडी घुसतो आणि अख्खा केक नवरीच्या तोंडावर फेकतो – मीच लिहिलं होतं. धाकटीला माहीत नव्हतं. फोटोत सगळे हसतायत. तिचा चेहरा केकनं झाकलाय, पण हसतच असणार.

जेवण झाल्यावर वाघ म्हणाला, "मास्तर, मी हरायला तयार आहे. पट्टा द्यायला तयार आहे. फक्त मला उलटा उचलू नका."

"का? पोरीसमोर डोकं खाली पाय वर व्हायची लाज वाटते?"

मग हसला. "हो. तसंच समजा."

बघा! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!

१९ मार्च, गुरुवार

ऑफिसात गेलो तर माझ्या खुर्चीवर मालकीणबाईंचा भाचा. मांडीवर लॅपटॉप. उठलासुद्धा नाही. "काका, तुमची ती लाल वही द्या ना, मी सगळं टाइप करून घेतो." काका! काल दात आलेलं पोरगं!

मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, २९ ला पट्टा हलला पाहिजे. आणि असा हलला पाहिजे की लोक आठवडाभर त्यावरच बोलतील. नाही तर एक तारखेपासून हा बसेल इथे."

बावीस वर्षं! आणि का? तर मेहुण्याला नाक खाली करवत नाही म्हणून!

२२ मार्च, रविवार

आज खेळ संपल्यावर ड्रेसिंग रूमचं दार लावून घेतलं. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. रेडा, अँब्युलन्स, पंचकाका, इस्त्रीचे कपडे घेऊन आलेली धाकटी – सगळे होते.

वाघ बाकावर बसलेला. म्हणाला, "मास्तर, पट्टा देतो. माझ्या हातानं त्याच्या कमरेला बांधतो. पाठीवर पडतो. आणखी काय पाहिजे?"

मी चांगलाच सुनावला. म्हटलं, हा रेडा बारा वर्षं पडतोय, त्याला नाही मान? पडतात म्हणून तू उभा आहेस! तुझा पट्टा म्हणजे दुसऱ्यांची पाठ. आज तुझी पाळी आली तर तुला गादी टोचते? म्हटलं, पाच वर्षं वाघ म्हणून मिरवलास, आहेस भित्रा!

"होय मास्तर," म्हणाला. "भीती वाटते."

मी हसलो. काय टोमणा मारला होता लेकानं! खो खो हसलो. मग बघतो तर कुणीच हसत नाही. रेड्यानं टॉवेल तोंडावर घेतलेला. अँब्युलन्स उठून बाहेर गेला. धाकटी कपड्यांच्या घड्या मोडून परत घालत होती.

मला आणखीच चेव चढला. म्हटलं, "मग ठेव पट्टा टेबलावर. आत्ता. जाऊ दे तुझंही नाव भिंतीवरून."

त्यानं पिशवीतून पट्टा काढला. मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी झाकला. बक्कल खुळखुळत होतं. राग! गिळता येत नव्हता त्याला.

"मास्तर, पुरे," पंचकाका म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तीनच्या पुढे गेले!

२५ मार्च, बुधवार

डोकं शांत ठेवलं की सगळं सुचतं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

सकाळी वाघाकडे गेलो. तोंडात साखर घोळवून म्हटलं, "जावईबापू, तुमचं खरं. पाठीवर पडा. साधं. मुसळ रद्द."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. पकड अगदीच मऊ, लहान मुलानं धरावं तसं. नाटकी माणूस! म्हणाला, "उपकार झाले, दादा." दादा! बावीस वर्षांत पहिल्यांदा. स्वार्थ साधला की नाती आठवतात.

मग दुपारी अँब्युलन्सला गाठलं. वही उघडून दाखवली. लिहिलं होतं – मुसळ.

"त्यांना माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"नाही. कळायची गरज नाही. उचलला की मान आपोआप आत घेईल, अंगात मुरलेलं असतं. आणि तू नाही केलंस, तर परत गाडीची चावी शोध."

तो वहीकडे बघत राहिला. इतका वेळ, की मला वाटलं वाचता येत नाही. मग म्हणाला, "बरं."

एवढंच. 'बरं.' एका शब्दाचं काम होतं आणि महिना घातला यांनी माझा!

२७ मार्च, शुक्रवार

पोस्टर लागलं. नऊ वीत. वाघाचं डोकं खाली, पाय वर. अजून त्यानं बघितलेलं नाही, मागच्या दारानं येतो-जातो. छान झोप लागली.

२९ मार्च, रविवार

गद्दार! सगळेच्या सगळे!

लिहितो क्रमानं, नाही तर डोकं फुटेल.

सभागृह भरलं होतं. मी पडद्याआड, नेहमीच्या जागी. वाघ आला, त्या उभ्या कॉलरच्या झग्यात. धाकटीनं स्वतः झगा काढला, पायऱ्यांशी उभी राहिली. भाची पहिल्या रांगेत. अकरा मिनिटं झाली. मी लिहिल्याप्रमाणे अँब्युलन्सनं त्याला कमरेत धरला आणि खांद्यावर घेतला. आता इथून उलटा फिरवायचा आणि बसकण. लोक खुर्च्यांवर चढले. "मुसळ! मुसळ!" दोन हजार गळे. वाघानं डोळे मिटले. त्याला कळलं होतं, मला पडद्याआडूनही दिसलं. धाकटीनं रिंगचा दोर दोन्ही हातांनी धरला होता.

आणि तो गाढव थांबला! एवढा मोठा माणूस खांद्यावर घेऊन उभा! मग हळूहळू एक गुडघा टेकला, मग दुसरा. एक हात पाठीखाली, एक हात मानेखाली. आणि वाघाला गादीवर ठेवला. ठेवला! अलगद! पेशंटला गाडीतून उतरवतात तसा! डोकं टेकेपर्यंत मानेखालचा हात काढला नाही. मग नुसता आपला तळवा त्याच्या छातीवर ठेवला. पंचकाकांनी तीन मोजले. एरवी म्हाताऱ्याचं 'तीन' यायला वेळ लागतो, आज पापणी लवायच्या आत मोजून मोकळा!

मी कपाळ बडवून घेतलं. संपलो म्हटलं. कुणीतरी मागून "फसवणूक!" ओरडलं.

मग वाघ उठला. अँब्युलन्सनंच उठवला, काखेत हात घालून. पट्टा हातात घेतला, त्याच्या कमरेला बांधायला गेला, तर बक्कल लागेना. तीनदा प्रयत्न केला, नाही लागलं. शेवटी भाची दोरांखालून आत घुसली आणि तिनं लावलं. वाघ ढसाढसा रडत होता. रिंगमध्ये! अँब्युलन्स रडत होता. कोपऱ्यात रेडा – त्याची कुस्ती कधीच संपली होती, त्याचं तिथे कामच नव्हतं – तोही रडत होता. आणि लोक उभे राहिले. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, नुसते उभे. मग एका म्हातारीनं टाळी वाजवली आणि थांबेचनात. दोन हजार मूर्ख! कुणी कुणाला अलगद ठेवलं यालाही टाळ्या!

आत आल्यावर अँब्युलन्सला म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस." तो म्हणाला, "बरं." तेच 'बरं'! धाकटी माझ्या समोरून गेली. तिनं बघितलं असेल माझ्याकडे, पण मी तिथे नाहीच असं.

३० मार्च, सोमवार

मालकीणबाई टेबलावर हात आपटून हसत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, असा शेवट मी जन्मात पाहिला नाही! सकाळपासून फोन थांबत नाहीये. लोक म्हणतात, वाघाला त्यानं आईसारखा ठेवला. कसं सुचलं तुम्हाला?"

भाचा लॅपटॉप मिटून कोपऱ्यात उभा होता. खुर्ची रिकामी होती.

मी म्हटलं, "सुचलं. तसंच लिहिलं होतं."

बाहेर येऊन बुधवारचं पान वहीतून फाडलं आणि खिशात घातलं. अँब्युलन्सला निरोप पाठवला, ये म्हणून. चॅम्पियनला काढता येतं का! निरोप घेऊन गेलेल्यानं उत्तर आणलं नाही. दिवसभर कुणी चहा विचारला नाही. जळतात मेले.

३१ मार्च, मंगळवार

धाकटी आली. बसली नाही. मोठं पाकीट टेबलावर ठेवलं. आत वाघाच्या एक्स-रेची फिल्म. मान.

नोव्हेंबरपासून. मणका सरकलाय. हात बधिर, बोटं उघडत-मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर एक आपटी, की गळ्याखाली सगळं बंद. सरावात त्याचा हात लुळा पडलेला पहिल्यांदा अँब्युलन्सनं बघितला आणि तोच दवाखान्यात घेऊन गेला. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं. रेडा स्वतः उड्या मारायचा. पंचकाका लवकर मोजायचे. त्याला फक्त हंगाम पुरा करायचा होता, आणि पट्टा रिंगमध्ये द्यायचा होता, टेबलावर नाही. परवा सकाळी ऑपरेशन.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"चहावालीलासुद्धा."

"मग मला का नाही सांगितलंस? मी सख्खा भाऊ ना तुझा?"

"तुला सांगितलं असतं तर तू ते माइकवर वाजवलं असतंस, दादा."

मी म्हटलं, नाही, शपथ, नसतं. ती गेली होती.

खिशातलं पान काढलं. मुसळ. माझंच अक्षर. ज्या हातांनी त्यानं माझा हात धरला, त्यांत ताकदच नव्हती. आणि मी त्या मानेवर हे लिहिलं.

रडू आलं. पण खरं लिहायचं तर नंतर आलं. आधी मी फिल्म खिडकीत उजेडासमोर धरली, हात आपोआप पुढे गेला, आणि वितीनं मोजली. दीड वीत. दाराएवढी करता येईल.